दोन ओळींचं नाव

सुविचार लिहिणाऱ्या माणसाइतका चिडका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. 'संयम हाच खरा सोबती' असं कागदावर लिहिता लिहिता ते पेन्सिलीला टोक करायच्या यंत्रावर खेकसत, पंख्यावर वैतागत आणि समोर मी बसलेली असे म्हणून अधूनमधून माझ्यावरही. एकोणीस वर्षं मी त्यांच्या समोर बसले. त्यांचं टेबल आणि माझं टेबल यांच्यामध्ये पाण्याची बाटली मावेल एवढीच फट होती. बाटली कुणाची, यावरूनही आमची भांडणं झाली आहेत.

आमचं वर्तमानपत्र लहान, दहा पानांचं. मी पानं लावते. म्हणजे बातम्या, फोटो, जाहिराती संगणकावर जागच्या जागी बसवते. मजकूर कमी पडला तर ताणते, जास्त झाला तर कापायला परत पाठवते. दुसऱ्या पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिचं नाव 'आजची मात्रा'. तिच्यात रोज चार गोष्टी असतात: एक सुविचार, एक विनोद, एक माहिती आणि एक शब्द, अर्थासकट. सगळं मिळून सत्तावीस ओळी. ही चौकट ते सव्वीस वर्षं भरत होते. रोज मात्रा देतात म्हणून अख्खं ऑफिस त्यांना वैद्यबुवा म्हणायचं. नव्याने आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटे. जाहिरात विभागातल्या एका मुलीने त्यांना पित्तावर औषधही विचारलं होतं. तिला त्यांनी दुसऱ्या दिवशी 'पित्त' हा शब्द अर्थासकट दिला.

खरं तर ते बातमीदार व्हायला आले होते. पहिल्याच आठवड्यात चौकट लिहिणारे गृहस्थ रजेवर गेले आणि तेव्हाचे संपादक यांना म्हणाले, "आठ दिवस सांभाळा." गृहस्थांना रजेतच दुसरी नोकरी लागली. ते आलेच नाहीत. आठ दिवसांचे आठ महिने झाले, तोवर संपादक बदलले, आणि नव्या संपादकांना वाटलं, हा माणूस चौकटीसाठीच नेमलेला आहे. यांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा "बघू" असं उत्तर आलं. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते नोकरीला लागल्यावर महिन्याभरात कळतं. यांना कळायला पंधरा वर्षं लागली, कारण माणूस चिडका असला तरी भाबडा होता.

आता सत्तावीस ओळी भरायला असं काय लागतं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण दुसऱ्या पानावर, चौकटीला अगदी खेटून, निधनवार्ता असतात. एकदा, मी यायच्या आधी, शहरातले एक मोठे सर्जन वारले. त्यांचा फोटो पानावर, आणि शेजारच्या चौकटीत डॉक्टरने पेशंटच्या पोटात कात्री विसरल्याचा विनोद. सर्जनचे दोन मुलगे ऑफिसात आले होते, तेही डॉक्टर. तेव्हापासून वैद्यबुवांनी एक शिस्त घालून घेतली. दुपारी आल्याबरोबर ते आधी निधनवार्ता वाचत. कोण गेलं, त्याचा व्यवसाय काय होता, हे वहीत टिपून ठेवत, आणि आठ दिवस त्या व्यवसायावर विनोद बंद. वहीत लिहिलेलं असे: 'वकील, बुधवारपर्यंत नको.' 'शिक्षिका, शनिवारपर्यंत.' एकाच दिवशी वकील, शिंपी आणि बँकेचे मॅनेजर असे तिघे गेले की विनोद हत्तीवर. त्यामुळे साथीच्या दिवसांत आमच्या वाचकांना हत्ती फार भेटले.

माहितीचंही तेच. कुठलीही गोष्ट दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय ते छापत नसत. मधमाशीला पाच डोळे असतात, ही माहिती त्यांनी जुळवून दिली होती. आमच्या आत्ताच्या संपादकांनी पान छपाईला सोडताना ते पाचाचे दोन केले. 'छपाईची चूक वाटली,' म्हणाले. मधमाशीला दोन डोळे असतात, अशी माहिती आम्ही राज्यभर दिली. वैद्यबुवांचा महिनाभर तिळपापड होत होता. संपादकांच्या काचेच्या खोलीवरून जाताना ते स्वतःशीच "पाच" असं म्हणत.

हे सगळं करून त्यांना मिळायचं काय? काही नाही. चौकटीखाली नाव नसतं. नावाला जागाच नसते. वाचक विनोद पाठवत, खाली आपलं नाव आणि गाव लिहून. वैद्यबुवा लाल पेन्सिलीने सगळ्यात आधी नाव आणि गाव उडवत. "नाव म्हणजे एक ओळ," ते मला म्हणत, "आणि एका ओळीत एका शब्दाचा अर्थ बसतो. वाचकाला काय हवंय, ते बघायचं." हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की कागद पुढे आला की पेन्सिल आधी तळाशी जाऊन नाव शोधी, मग मजकूर वाचला जाई.

आणि याच माणसाला नावाचं किती लागलेलं होतं, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. त्यांची मुलगी चौथीत असताना तिने वर्गात सांगितलं, माझे बाबा पेपरात लिहितात. मुलींनी दुसऱ्या दिवशी पेपर आणला. तिने चौकट दाखवली. मुली म्हणाल्या, यात कुठंय तुझ्या बाबांचं नाव? नाव नव्हतंच. वर्षभर तिला 'थापाडी' म्हणत होत्या. तिने घरी हे सांगितलंच नाही. शाळेच्या समारंभात कुणीतरी तिला त्या नावाने हाक मारली, तेव्हा वैद्यबुवांनी ऐकलं. ती मुलगी आता तीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीत आहे, आणि तिच्या हे लक्षातही नसेल. पण बापाच्या मनात ते काट्यासारखं राहिलं. हे त्यांनी मला सांगितलं ते निवृत्तीला चार महिने उरले असताना. सांगून झाल्यावर वर म्हणाले, "तुमचं लक्ष कुठंय? पान बघा."

त्याच सुमारास संपादक कसे कोण जाणे दयाळू झाले. वैद्यबुवांना बोलावून म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली. जाताना एक मोठा लेख लिहा की. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान देतो. तुमच्या नावाने."

तुमच्या नावाने, हे त्यांनी खरंच म्हटलं. वैद्यबुवा खोलीतून बाहेर आले ते थेट माझ्या टेबलाशी. "अर्ध्या पानात ओळी किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे नव्वद. नाव धरून."

"नाव धरून किती, नाव सोडून किती, असं नीट सांगा."

"नावाच्या दोन. एक नावाची आणि एक खाली मोकळी सोडायची."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. निधनवार्तांच्या वहीतच, कारण त्यांच्याकडे दुसरी वही नव्हती.

विषय त्यांच्याकडे होता. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मागे धुलाईघर आहे. तिथे एक माणूस तेवीस वर्षं एकच काम करतो. वॉर्डातून आलेल्या चादरी यंत्रात जाण्याआधी उलगडून झटकायच्या, कारण त्यांच्यात माणसांच्या वस्तू राहून गेलेल्या असतात. चष्मे, कवळ्या, अंगठ्या, लहान मुलाचा एक मोजा. तो प्रत्येक वस्तूला वॉर्ड नंबर आणि तारखेची चिठ्ठी लावून कप्प्यात ठेवतो आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन परत देतो. कवळ्या पाण्यात ठेवतो, नाहीतर त्या खराब होतात. असं करायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. वैद्यबुवा दोन महिने दर रविवारी तिथे जाऊन बसले. पहिले तीन रविवार तो माणूस एक अक्षर बोलला नाही. चौथ्या रविवारी यांनी त्याला चादरी झटकू लागायला सुरुवात केली, तेव्हा तो बोलायला लागला.

पहिला खर्डा त्यांनी मला दाखवला आणि माझा जीव खाली-वर झाला. माणसाने लेख लिहिला नव्हता, चौकटी लिहिल्या होत्या. चाळीस शब्द, की विषय संपला. पुन्हा चाळीस शब्द, पुन्हा संपला. कवळीचा एक तुकडा, मोज्याचा एक तुकडा, आणि दर तुकड्याच्या शेवटी एक तात्पर्य. सव्वीस वर्षं लहान पाळण्यात झोपवलं तर माणसाचे पाय लांब होणार कुठून? मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

"वैद्यबुवा, हे असं नाही चालणार. तुम्ही दर चार ओळींनी थांबताय."

"कुठे थांबलोय?"

"इथे. इथे. आणि इथे. त्या माणसाला तुम्ही बोलूच देत नाही. तो कवळी घेऊन निघाला वॉर्डाकडे, आणि तुम्ही मध्येच सुविचार सांगता."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही पानं लावा," ते म्हणाले, आणि दोन दिवस आमचं बोलणं बंद. बाटलीसुद्धा त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सहा पानं पडलेली. मी ती घरी नेऊन वाचली. धुलाईघरातला माणूस एक कवळी हातात घेऊन जिना चढतो, वॉर्डात जातो, तर खाट रिकामी असते. मग तो नर्सकडून पत्ता घेतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या घरी जातो. दार उघडणारी बाई ती कवळी बघते आणि आधी हसते, मग रडते. पुढे काहीच तात्पर्य नव्हतं. तो माणूस पाणी पिऊन परत येतो, एवढंच. मी एकोणीस वर्षांत आमच्या पेपरात यापेक्षा चांगलं काही लावलेलं नाही. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ओळी भरल्या का?" बरोब्बर एकशे अठ्ठ्याऐंशी भरल्या होत्या. आणि नावाच्या दोन.

त्यांच्या बायकोने पेपरवाल्याकडे आधीच सहा प्रती सांगून ठेवल्या. एक मुलीला पाठवायची होती.

शनिवारी दुपारी साडेचारला पुरवणीचं पान तयार होतं. शीर्षक, त्याखाली त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कारण ते तसंच हवं होतं त्यांना, आणि मग लेख. मी त्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि नाकातून फक्त 'हं' म्हणाले. पाच वाजता जाहिरात विभागातून माणूस आला. गाद्यांच्या कंपनीने खालची जाहिरात वाढवून घेतली होती. लेखातल्या चौदा ओळी कमी करा.

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, साहेब, या एका लेखाला तरी हात लावू नका. ते म्हणाले, "गादी काय मी छोटी करू?" त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान "बघू" तरी म्हणत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. लेखकाला स्वतःचा लेख कापायला बसवत नाहीत. ज्याने लिहिलं त्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान खोळंबतं. पण वैद्यबुवा ऐकेनात. "दुसऱ्या कुणी पेन्सिल लावली तर मी आत्ता घरी जाईन," ते म्हणाले. मी पानाचा छापील कागद काढून त्यांना दिला. सहा वाजता पान छपाईला जायचं होतं.

त्यांनी चाळीस मिनिटांत बारा ओळी काढल्या. बघवत नव्हतं. एक विशेषण काढत, परत घालत, दुसरं काढत. धुलाईघराचं वर्णन गेलं. वाफेचा वास गेला. कवळी, जिना आणि दारातली बाई यांना त्यांनी धक्का लावला नाही. सहाला दहा मिनिटं होती. छपाईवाल्यांचा फोन दोनदा येऊन गेला होता.

"दोनच ओळी राहिल्या," मी म्हटलं. "दोनच, वैद्यबुवा. पटकन."

त्यांनी कागद जवळ घेतला, पेन्सिल चालली, आणि कागद माझ्याकडे आला. "घ्या. झालं."

आता माझं काम सांगते, म्हणजे माझाही गुन्हा कळेल. छापील कागदावर लाल खुणा आल्या की मी खुणा बघते, मजकूर वाचत नाही. वाचत बसलं की पान उशिरा जातं. इथली ओळ उडवा, तिथला शब्द उडवा, हात आपला चालत राहतो. मी खूण केलेल्या त्या दोन ओळी उडवल्या. लेख वर सरकला आणि शेवटची ओळ गादीच्या बरोब्बर वर येऊन बसली. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"बसलं," मी म्हटलं.

"बसलं," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही पानाचा तळ पाहिला. जागा नेहमी तळाशी कमी पडते, म्हणून आम्हा लोकांची नजर तिथेच असते. मी बटण दाबलं आणि पान गेलं.

रविवारी सकाळी मी घरी पुरवणी उघडली. शीर्षक होतं. त्याखाली लगेच लेख सुरू होत होता. मी कागद उलटा केला, सुलटा केला. सव्वीस वर्षं ज्या हाताने दुसऱ्यांची नावं उडवली, त्या हाताने घाईत तेच केलं होतं. दोन ओळी हव्या होत्या, दोन ओळी मिळाल्या. मला इतका राग आला की कुणाचा ते मला कळेना. त्यांचा, माझा, गादीचा. मी फोन उचलला आणि परत ठेवला. काय बोलणार?

सोमवारी मी लवकर गेले, तर ते माझ्याही आधी येऊन बसलेले. टेबलावर तो शनिवारचा लाल खुणांचा कागद होता. कचऱ्याच्या डब्यातून काढून हाताने सरळ केलेला.

"माझीच खूण आहे," ते म्हणाले. "तपासली. तुमचा दोष नाही."

"मी बघायला हवं होतं."

"तुम्ही खुणा बघता. खूण बरोबर होती."

"घरी वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. तिने पान वाचलं. मग उलटून मागच्या बाजूला बघितलं, नाव तिकडे आहे का म्हणून. मग सहाही प्रती घडी करून कपाटात ठेवल्या." त्यांनी टेबलावरच्या कागदाची सुरकुती पुन्हा सरळ केली. "मुलीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, फोटो काढून पाठवा ना पानाचा. म्हटलं, पाठवतो."

"पाठवलात?"

त्यांनी निधनवार्तांचा गठ्ठा पुढे ओढला आणि वाचायला लागले. मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की माझा आवाज चढतो. मी उठून थेट संपादकांच्या खोलीत गेले.

"शुद्धिपत्र छापा," मी म्हटलं. "लेखकाचं नाव राहिलं, असं."

"शुद्धिपत्र चूक झाली तर असतं," ते शांतपणे म्हणाले. "यात माहितीची चूक कुठे आहे? आणि कुणी तक्रार केलीय का? उलट तीन पत्रं आलीत, फार छान लेख म्हणून." ती पत्रं त्यांनी मला दाखवलीही. तिन्हींची सुरुवात 'संपादक महाशय, आपला लेख वाचला' अशी होती. त्यांनी ती नीट फायलीला लावली होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असतं, तरी मी समजले असते. इथे मलम तिसऱ्याच माणसाने लावून घेतलं होतं.

मी परत येऊन बसले. संध्याकाळी दुसरं पान लावायला घेतलं. चौकटीचा मजकूर आला होता: सुविचार चार ओळी, विनोद पाच, माहिती सात, शब्द तीन, बाकी मथळे आणि मोकळ्या जागा. मला पाच ओळी हव्या होत्या. वैद्यबुवांचा चौकटीचा एक कडक नियम होता. जाहिरात आली तर आधी शब्द काढायचा, मग माहिती, आणि विनोदाला कधीही हात लावायचा नाही. पण शब्द तीनच ओळींचा होता आणि माहिती काढली तर दोन ओळींचं भोक पडत होतं. पाच ओळींचा फक्त विनोद होता. एकोणीस वर्षांत मी कुणाला न विचारता पानातला स्वल्पविरामही हलवलेला नाही. त्या दिवशी मी अख्खा विनोद काढला आणि तिथे लिहिलं: 'रविवारच्या पुरवणीतील इस्पितळाच्या धुलाईघरावरील लेख यांनी लिहिला होता', पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरात. पान सोडलं आणि घरी गेले. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, असं मी घरी सांगून ठेवलं.

मंगळवारी मी सकाळीच ऑफिसात पोचले तेव्हा वैद्यबुवांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. तो फोन वाजताना मी कधी ऐकलाच नव्हता. तो चालू आहे, हेही मला माहीत नव्हतं. तेही त्या दिवशी दुपारची वाट न बघता सकाळीच आले होते. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. मला वाटलं, लोकांनी वाचलं. लेखाबद्दल बोलताहेत. मला इतकं बरं वाटलं की मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"हो," ते म्हणत होते. "हो, राहून गेला. नाही, बंद नाही केलेला. उद्या असेल." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"विनोद कुठाय, विचारताहेत," ते म्हणाले. "हा नववा फोन."

"आणि नाव? नावाबद्दल?"

"विनोद काढून नाव घातलंत?" त्यांचा आवाज चढला. "शब्द काढायचा असतो आधी. किती वर्षं सांगतोय मी?"

"शब्द तीन ओळींचा होता."

"मग सुविचारातली एक ओळ काढायची आणि मोकळी जागा आवळायची. लोक सकाळी विनोदापासून सुरुवात करतात, ताई." हे त्यांनी असं सांगितलं, जणू त्यांना ते सव्वीस वर्षं माहीत होतं. खरं तर त्यांना ते त्या सकाळी, आठ वाजता, पहिल्यांदा कळलं होतं. फोन पुन्हा वाजला. त्यांनी घेतला. या वेळी पलीकडच्याने काहीतरी आग्रह केला असावा, कारण वैद्यबुवा खुर्चीत बसले आणि सावकाश सांगायला लागले. "गिऱ्हाईक घड्याळजीला विचारतं, घड्याळ झालं का? तो म्हणतो, उद्या या. गिऱ्हाईक म्हणतं, कालही तुम्ही हेच म्हणालात. तर तो म्हणतो, घड्याळ माझ्याकडे आहे, मग दिवस उलटला हे तुम्हाला कळलं कसं?" फोनमधून हसण्याचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

इतक्यात संपादक खोलीतून बाहेर आले. हातात पेपर. मी खुर्चीत ताठ झाले. "विनोद काय झाला आजचा?" त्यांनी विचारलं. "मी रोज तोच आधी वाचतो." नावाच्या ओळी त्यांच्या अंगठ्याखाली होत्या. मी काहीतरी तांत्रिक अडचण म्हटलं. ते "बघू" म्हणून आत गेले.

फोनवर पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, कोण बोलतंय. कारण वैद्यबुवा एकदम खुर्चीतून उठून उभे राहिले. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जरा जोरात. थोडा वेळ ऐकलं, मग विनोद पुन्हा पहिल्यापासून सांगितला. फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, बरं. मग म्हणाले, थांबा, बायकोला देतो, तिलाही सांगा." ते हसले नाहीत. "मी सांगितला तिला."

फोन परत वाजला. त्यांनी हात पुढे केला, पण या वेळी मी आधी उचलला. पर्स अजून माझ्या खांद्यालाच होती. मी त्यांचं नाव घेतलं, सगळं, अक्षर न अक्षर, आणि म्हटलं, "हे त्यांचं टेबल आहे. थांबा, त्यांना देते." ते माझ्यावर डोळे वटारून बघत होते, तरी मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

दुपारपर्यंत आणखी सतरा फोन आले. सतरा वेळा मी ते नाव उच्चारलं. हे कोण, असं एकानेही विचारलं नाही. विनोदाला मात्र सगळे हसले.